मार्कांपुरता अलंकार

पीण्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मेट्रोत ते मला रोज सकाळी दिसत. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी शर्ट आणि खिशात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. एका बाजूला अलंकाराचं नाव, दुसऱ्या बाजूला व्याख्या. डोळे मिटून पाठ करायचे. उजवा तळवा मात्र सतत डब्यातल्या खांबावर, वैद्याने नाडी बघावी तसा.

एकदा शेजारी उभा होतो, तेव्हा त्यांनीच सांगितलं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कन्नड मुलखातलं, शाळा कन्नडमधून झालेली. मराठी घरात बोलले, पण लिहायला-वाचायला आत्ता शिकले, रविवारच्या वर्गात. आता परीक्षा होती. पीण्यात लेथ मशीन चालवायचे.

"हे चेतनगुणोक्ती स्वल्प कठीण आहे, सर." कार्डावर लिहिलं होतं, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते अशी कल्पना करणे.

मला शिकवायची हौस दांडगी. "तुमचं मशीन कधी रुसतं का, अण्णा?"

"रुसतं की."

"झालं. हाच तो अलंकार."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि डावा हात पुढे केला. दोन बोटं नव्हती.

"त्या दिवशी सकाळपासून ते कुरकुरत होतं. मी ऐकलं नाही. आता रोज आधी हात ठेवून विचारतो, मगच बटण दाबतो. यात कल्पना कुठली?"

"परीक्षेत अलंकारच लिहा," मी कसंबसं म्हणालो.

पीण्या आलं. उतरताना त्यांनी खांबावर हलकेच थोपटलं.

"सरी, बरं," ते म्हणाले. "मार्कांपुरतं लिहितो."