खड्ड्यातला लटारू

वडशाच्या त्या नाटक मंडळीत लटारूला रंगमंचावर कोणी कधी पाहिलं नाही. तरी मंडळीचं एकही वाक्य आधी त्याच्या तोंडून निघाल्यावाचून लोकांच्या कानी पडलं नाही. तो परमटर होता. खरा शब्द प्रॉम्प्टर. पण तो उच्चारताना भल्याभल्या मास्तरांची बोबडी वळते. झाडीपट्टीतल्या माणसांनी तो आपल्या सोयीनं वाकवून घेतला तर बिघडलं काय?

स्टेजच्या पुढ्यात कंबरभर खड्डा खणायचा, खाली धानाची तणस अंथरायची, कंदील ठेवायचा आणि लटारूला आत उतरवायचं. सांज मावळताना उतरलेला लटारू तांबडं फुटल्यावर वर यायचा. पाठ लोकांकडे, तोंड नटांकडे. नट म्हणजे दिवसा धानाच्या बांधीत राबणारी नाहीतर दुकानात बसणारी माणसं. आज एक नाटक, उद्या दुसरं, पाठांतराला वेळ कुणाला? कान खड्ड्याकडे ठेवायचा आणि जे ऐकू येईल ते छाती काढून म्हणायचं, एवढाच त्यांचा अभ्यास. त्यात इमान मात्र असं की विचारू नका. एकदा लटारूला मानेवर डास चावला आणि तो "अबे मच्छर!" म्हणाला, तर वर रणांगणात प्राण सोडणारा राजा आकाशाकडे हात करून "अबे मच्छर!" असं गरजला. लोकांनी टाळ्या दिल्या. राजाला मरताना काहीतरी थोर सुचलं असणार, असंच त्यांना वाटलं.

मंडळीचे मालक गुणवंतराव, तांदळाचे व्यापारी. नाटकंही तेच लिहीत. राजे आणि संत लिहून झाल्यावर त्यांनी खुनाच्या कथांना हात घातला आणि झाडीपट्टी पार वेडी झाली. खुनी कोण, हे पहाटे कळायचं. तोवर कडाक्याच्या थंडीत पाय पोटाशी घेऊन बसलेलं माणूस उठायचं नाव घेत नसे. गुणवंतराव इतके पक्के की नटांनाही खुनी सांगत नसत. ज्यानं खून केला असायचा त्यालाही ते स्टेजवरच कळे! ठाऊक असायचं ते लिहिणाऱ्याला आणि लटारूला. मग काय, बैलांच्या शर्यतींचा पट भरला की बैलांपेक्षा लटारूच्या मागं गर्दी जास्त. कोणी पान द्यायचं, कोणी चहा पाजायचं. "सांग ना गा, कोन हाय?" लटारू पान खायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "पहाटे कळन." खाल्ल्या पानाला जागणारा माणूस तो नव्हेच. पण गुपित सांभाळणं हे त्याचं सुख होतं. बायको नाही, पोर नाही, पस्तिशी उलटून गेलेली. मालक सोडले तर अख्ख्या मांडवात खुनी ठाऊक असलेले आपण एकटेच, या एका गोष्टीवर त्याचा हिवाळा मजेत जाई.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात गाढवी नदीकाठच्या एका गावी पट होता, आणि मंडळीचं नवं कोरं नाटक: 'वाघ की माणूस?' चार वर्षांपूर्वी आलापल्लीच्या जंगलात सागवानाच्या ठेकेदाराचा मुनीम मरून पडला होता. लोक म्हणाले वाघ, पोलिसांनी शोधला माणूस. गुणवंतरावांनी दवंडी पिटवली, "खरी घडलेली कथा! खऱ्या नावासकट!" नाटकभर खुनी घोंगडीत तोंड लपवून फिरायचा. नाव एकदाच यायचं, अगदी शेवटी.

दुपारी लटारू खड्ड्यात तणस पसरत होता, तर काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायांवर दोन दिवसांच्या वाटेची धूळ, हातात शिदोरीचं फडकं.

"लटारूभाऊ तूच का गा?"

"होय, बाई."

"नाटकात शेवटी कोनाचं नाव निघते?"

लटारू गालात हसला. म्हातारीसुद्धा! "पहाटे कळन, बाई. दम धरा थोडा."

"मले ठाऊक हाय," म्हातारी म्हणाली. "कोलू. माहा पोरगा होय तो."

लटारूच्या हातातली तणस हातातच राहिली. कोलू ही त्याच्या लेखी आजवर नाटकाच्या बाडातली दोन अक्षरं होती, वेळेवर आणि ठसक्यात सांगायची. त्या दोन अक्षरांना आई असेल, ती दोन दिवस चालत येईल आणि आपल्याला भाऊ म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली. तो वर आला, तिला बसायला गोणपाटाचा बोरा दिला. तिचं नाव गुणाबाई.

"त्यानं केलं, मी नाई म्हनत नाई," ती म्हणाली. "नागपूरच्या जेलात भोगून राह्यला. पन एक दिवस तो घरी येइन. सरकार चौदा वर्सानं सोडते, नाटक कवाच सोडत नाई. गावोगावचे पोट्टे त्याच्या नावानं खेळतीन. मग त्यानं कुठी राहावं गा? मले दुसरं काई नाई पायजे. त्याचं नाव तेवढं नको घेऊ."

लटारू तडक गुणवंतरावांकडे गेला. ते मांडवाच्या दोऱ्या बघत होते. त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्यांनाही वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "अरे, पेपरात छापून आलं ते नाव. मी का बनवलं? अन् लोकं रातभर थंडीत काऊन बसतेत? नावासाठीच. पहाटे नाव नाई निघालं तर मांडव पाडतीन आपला." तेही खोटं नव्हतं. लटारू आल्या पावली परत फिरला. गुणाबाईला त्यानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ती पुढच्या रांगेत बोरा टाकून बसली, बरोबर त्याच्या पाठीमागं.

नाटक चढत गेलं. सी.आय.डी. साहेब झाला होता अयूब, वडशाचा शिंपी. गडी देखणा आणि आवाज मांडवाबाहेर जाणारा. लटारू एकेक वाक्य वर देत होता, पण मन ठिकाणावर नव्हतं. कोलू नाही, तर कोण? दसरू म्हणावं? दसरू तर गावोगाव, आणि प्रत्येक दसरूची माय घरी भात रांधत बसलेली. मुखरू? झिंगू? जे नाव मनात आणावं, त्याच्यामागं कुठली तरी बाई पदर खोचून उभीच. मागून गुणाबाईचा श्वास ऐकू येत होता. निदान लटारूला तसं वाटत होतं.

तांबडं फुटलं. अयूबनं घोंगडीवाल्याच्या मानगुटीला धरलं आणि लोकांकडे वळून गरजला, "आणि तो खुनी आहे..." कान खड्ड्याकडे. खड्डा गप्प. "तो खुनी आहे..." तरी गप्प. अयूबला घाम फुटला, पण लोकांना वाटलं, काय रंगवतो आहे! टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा त्यानं "तो खुनी आहे..." म्हटलं आणि खड्ड्यातून आवाज आला, "लटारू."

अयूब इमानी माणूस. "लटारू!" तो छाती काढून ओरडला, "वडशाचा लटारू!"

मांडव असा हसला की बांधलेले बैल दोऱ्या ओढू लागले. "काहाडा त्याले खड्ड्यातून!" चारजणांनी लटारूला बखोटीला धरून वर काढलं, स्टेजवर उभं केलं, कोणीतरी घोंगडी त्याच्याच डोक्यावर टाकली. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

गुणवंतराव तणतणत आले. "हे काय सुचलं तुले?"

"नाव पायजे होतं, नाव देल्लं," लटारू म्हणाला. "माही माय कवाची मेली, भाऊ. या नावानं कोनाले दुखनार नाई."

गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, बाहेर अजून हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "उद्याही हेच ठेव," म्हणाले आणि निघून गेले. पुढं पाच हिवाळे ते नाटक चाललं आणि मूल-सावली या गावांपर्यंतची पोट्टी "खुनी आला, खुनी आला" करत लटारूच्या मागं धावली. पण ते नंतरचं.

त्या पहाटे मांडव रिकामा झाला तरी गुणाबाई बसूनच होती. आता ती सुखानं घरी जाईल, असं मनाशी म्हणत लटारू जवळ गेला. ती पदरात तोंड घालून रडत होती.

"आता काऊन रडता, बाई? कोलूचं नाव तं नाई निघालं."

"तुहं निघालं ना, पोरा," ती म्हणाली. "समदे हासत होते. मले दुखलं."

रात्रभर सगळ्यांना शब्द देणारा तो माणूस तिच्या शेजारी बोऱ्यावर बसला, आणि तिनं शिदोरीचं फडकं सोडून अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली.