फितीवरची मोकळी जागा

वहिनीला जाऊन आता दीड महिना झाला. निरोप आला तेव्हा मी अंधशाळेच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. शिपायानं खांद्यावर हात ठेवला, घरून फोन आल्याचं सांगितलं, आणि माझं बोट आपोआप पॉजच्या बटणावर गेलं. किती वर्षांची सवय... याच बोटानं मी वहिनीचा एक अपराध केला आहे. तिच्या हयातीत तो कुणापाशी बोललो नाही. आज बोलतो.

वहिनी रामटेकची. लग्न होऊन महाल वस्तीतल्या आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे मी अंधशाळेत टेपरेकॉर्डर सांभाळायच्या नोकरीला लागलो. मुलांची पाठ्यपुस्तकं वाचून द्यायला कुणी मिळेना, तेव्हा वहिनीनं वाचावं म्हणून शाळेचं फितीच्या स्पूलचं अवजड मशीन रिक्षात घालून मीच घरी आणलं. "माझ्या बोलण्याले पोरं हसतीन ना भाऊजी," असं म्हणून तिनं आधी नकार दिला. मग एक दिवस शाळेत आली. मुलं ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून टोच्यानं एकेक ठिपका टोचत लिहितात, ते तासभर पाहत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसली. त्या घरात फक्त तिचं असं हे एकच काम होतं. दुपारची जेवणं आटोपली की खोलीचं दार लावून घ्यायची. आवाज फितीवर येतो म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद. बाहेर दादा बनियनवर बसून म्हणायचा, "पोरं पास होतीन, पण मी इथं उकडून राहिलो."

काही वर्षांनी शाळेला हातात मावणारे कॅसेट प्लेअर मिळाले. एका मशीनभोवती दाटीनं बसायच्या ऐवजी मुलं आता आपापल्या खाटेवर धडे ऐकणार होती. स्पूलवरचं सगळं कॅसेटवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. कॅसेट मोजक्या, एका बाजूला अर्धा तास, आणि वहिनीचा एकेक धडा पाऊण तासाचा. कारण प्रत्येक वाक्यानंतर ती बराच वेळ थांबायची. त्या थांबण्यात बारीक टकटक ऐकू यायची. मला ती घरातली खुडबुड वाटली. मग मी युक्ती काढली. ती थांबली की पॉज दाबायचा, बोलू लागली की सोडायचा. धडा एका बाजूत चपखल बसला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांत मुलांची तक्रार आली की ऐकून लिहिणं होतच नाही, पुढचं वाक्य अंगावर येतं. मुख्याध्यापकांनी मला विचारलं. मी म्हणालो, वहिनी जरा घाईनं वाचते. नोकरी कच्ची होती, असं कारण मी नंतर स्वतःला बरीच वर्षं दिलं. ते खरं नाही. मला ती शाबासकी परत करायची नव्हती, एवढंच.

त्यांनी वहिनीला अगदी नम्र चिठ्ठी लिहिली, सोबत एक प्लेअर आणि तिचीच कॅसेट पाठवली. मी संध्याकाळी घरी गेलो तर ती जमिनीवर बसलेली. पाटावर जुनी लग्नपत्रिका, हातात गोधडीची जाड सुई. तिला ब्रेल येत नव्हतं. वाक्य वाचून झालं की ती नुसते ठिपके टोचायची, मुलाच्या हाताला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. आज ती स्वतःच्याच आवाजामागे सुई घेऊन धावत होती आणि मागे पडत होती. ती टकटक कसली, ते मला तेव्हा कळलं.

"भाऊजी, मी इतक्या घाईनं वाचते काय?"

"थोडं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली... मग सुई पत्रिकेत खोचली आणि जेवणाची पानं घेतली.

आठवड्यानं तिचा पुढचा स्पूल आला. हेडफोन लावला, तर धड्याच्या आधी तिचं घरातलं बोलणं. "भाऊजी, हे तुमच्यापुरतं, पोरायले ऐकवू नका. मी थांबली की तुमी मशीन नका थांबवू. तिकडं पोरगं लिहून राहिलं असन." आणि लगेच धड्याचं नाव.

तेवढं बोलणं वगळून मी सगळं उतरवलं, टकटकीसकट. मागचे धडेही पुन्हा उतरवले. मुलं खूश झाली. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, "आमच्या ताई आधी मेल गाडी होत्या, आता पॅसेंजर झाल्या." सभागृह हसलं, पदर तोंडाला लावून वहिनीही हसली. माइकची जोडणी मीच केली होती आणि माइकपासून चार पावलांवर उभा होतो. परतताना रिक्षात मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिनंच मला अडवलं. "राहू द्या भाऊजी. पॅसेंजरमंदी जागा तरी भेटते."

त्यानंतर बारा वर्षं ती वाचत होती. आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. तिचं वाचन ऐकून शिकलेली मुलं आज कुठं कुठं नोकरीला आहेत. त्यांना हा लेख कुणी वाचून दाखवला तर त्यांनी एवढं ऐकावं, वहिनीनं कधीही घाई केली नव्हती. पहिल्या दिवसापासून ती तुमच्यासाठी थांबत होती. घाई माझी होती.

तेरावं झाल्यावर दादा म्हणाला, तिचा आवाज असेल तर दे गा. मी तोच स्पूल काढला आणि या वेळी अगदी पहिल्या शब्दापासून कॅसेटवर उतरवला. दादानं प्लेअर मांडीवर घेतला. तिचं ते "भाऊजी" ऐकून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगितलं. फीत मागे घेऊन त्यानं पुन्हा लावली. धडा सुरू झाला, पहिलं वाक्य संपलं. दादाला आता कमी ऐकू येतं, टकटक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

"बंद पडलं काय?" म्हणत त्यानं बटणाकडे बोट नेलं.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे दादा, पोरगं लिहून राहिलं असन."

आम्ही दोघं थांबलो... मग वहिनी पुढचं वाक्य वाचू लागली.