मुठीतलं सिमेंट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आजच का, ते मलाही कळत नाही.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला राहायचो आणि डॉक्टरांना हाडांचं सिमेंट विकायचो. खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला ते लागतं. पावडरीत द्रव मिसळायचा, कणकेसारखं मळायचं — काही मिनिटांत दगड! घट्ट होताना ते तापतं. हे मला ठाऊक होतं. पण माल खपवताना जीभ सुटली. "डॉक्टर, आमचं तापतच नाही!"

डॉक्टर आगाशे सावध माणूस. "नसेजवळ सांडलं तर नस भाजेल रे. बघूच." त्यांनी तिथेच मळून लिंबाएवढा गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "मूठ मिट." तेवढ्यात त्यांच्या घरून फोन आला. भेंडी की गवार यावर बोलणं लांबलं — नजर मात्र माझ्यावर. आणि मुठीत काय? निखारा, यार! मी हसत बसलो. डोळ्यांत पाणी, तरी हसतोय.

"काय रे, गरम?"

"छे! कोमट."

फोड आलेला हात खिशात घालून मी बाहेर पडलो.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते आमच्या शेजारच्या सावंतकाकूंच्या खुब्यात वापरलं. थोडं नसेकडे ओघळलं. एरवी त्यांनी वर थंड सलाइन ओतलं असतं. पण कोमटच ना?

काकूंचं पाऊल लुळं पडलं. मी भेटायला गेलो, तर त्यांना माझी पट्टी दिसली. "हाताक काय झाला रे?"

"तवा लागला, काकू."

त्यांनी पडल्यापडल्या माझ्या हातावर फुंकर घातली! पुढे घरी आल्यावर चालताना त्यांच्या लुळ्या पावलातली चप्पल उडायची — एकदा थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पोटावर. मी धावत जाऊन आणून द्यायचो. "सोन्यासारखो झील," काकू सगळ्यांना सांगायच्या, जणू मी त्यांचा मुलगाच.

वर्षभरात पाऊल सुधारलं. पण आगाशे? "नस माझ्याच हातून ताणली गेली," म्हणत त्यांनी काकूंची माफी मागितली. खुब्याची ऑपरेशनं कायमची सोडली.

एक वाक्य पुरलं असतं. मी दर महिन्याला त्यांच्यासमोर बसायचो, त्यांचा चहा प्यायचो — आणि आता सिमेंटऐवजी आमच्या कॅल्शियमच्या गोळ्या किती छान आहेत, ते सांगायचो.