बाकाला नाही म्हणणाऱ्या सुलभाताई

नऊ ऑगस्ट, शनिवार. गावच्या हॉलचे पडदे धुवायची पाळी सुलभाताईंची होती, म्हणून ते काम मी केलं. जुने, जाड, चहाचे डाग पडलेले पडदे. इथे ऑगस्ट म्हणजे भर हिवाळा; या थंडीत ते लवकर वाळणार नाहीत हे माहीत होतं, तरी धुतले. दुपारी कमिटीची मीटिंग होती आणि तोवर हाताला काहीतरी काम हवं होतं.

ताई जाऊन सहा-सात आठवडे झाले. त्यांच्या मुलाचा, निनादचा फोन आला तेव्हा मी शहरात, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात मेथीच्या जुड्या निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो मराठीत बोलला, पुढचं सगळं इंग्रजीत. झोपेतच, हार्ट अटॅक. मी मेथीचे पैसे दिले, पिशव्या गाडीत ठेवल्या आणि मग गाडीची किल्ली हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून राहिले... रडू आलं नाही. कुठे जायचंय तेच आठवेना.

आमचं गाव शहराच्या टोकाच्या अल्बनीच्याही बरंच पुढे, खाडीकाठी. एक शाळा, एक डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एक मैदान आणि एक हॉल. हॉल आणि मैदान गावाची कमिटी सांभाळते. पाच माणसं, पगार नाही, अधिकार जेमतेम. गवत कधी कापायचं, कुत्री कुठे मोकळी सोडायची, वादळात वीज गेली की हॉल कोण उघडणार, असले निर्णय आम्ही घेतो. मोठ्या गोष्टी काउन्सिलकडे जातात, पण गावाने हो म्हटलं की काउन्सिल सहसा अडवत नाही. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात ताई दारात उभ्या. ठाण्याच्या, निवृत्त इंजिनियर, गावातल्या तोवरच्या एकमेव मराठी बाई.

"मेधा ना तू? मंगळवारी हॉलवर ये. कमिटीत माणूस कमी पडतोय."

"अहो ताई, मला इथलं काही कळत नाही."

"तिकडे सोसायटीच्या मीटिंगला जायचीस ना? तेच. फक्त भांडण हळू आवाजात करायचं."

ताईंचा आवाजही फारसा हळू नव्हता. गाव त्यांना सूला म्हणायचं आणि थोडं घाबरायचं. मैदानाच्या निचऱ्याचा चर त्यांनी पावसात छत्री धरून, कंत्राटदाराच्या डोक्यावर उभं राहून नीट करून घेतला होता. आम्ही दोघी मीटिंगहून एकाच गाडीने परतायचो, आणि खरी मीटिंग गाडीतच व्हायची.

मग ग्रॅहमची बायको जोन गेली. ग्रॅहम आमचा शेजारी, निवृत्त सुतार. त्याने मैदानाच्या कडेला जोनच्या नावाचा बाक मागितला. या देशात ही पद्धत आहे. समुद्रावर, टेकडीवर, कुठेही टेकायला जावं तर पाठीमागे पितळी पट्टीवर कुणाचं तरी नाव असतं. कमिटीत दोन हात वर झाले, त्यातला एक माझा. दोन विरुद्ध. शेवटचं मत ताईंचं, आणि ताई नाही म्हणाल्या. ग्रॅहमने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

गाडीत मी चिडले होते. "एक बाक, ताई. बायको गेलीय त्याची."

"माझाही नवरा गेलाय. मी मागितला का? आज एकाला दिला की उद्या दहा जण येतील. मग पोरांनी खेळायचं कुठे, मेलेल्यांच्या मांडीवर?"

पुढच्याच मंगळवारी ताईंची गाडी ग्रॅहमच्या दारात. हातात वरणभाताचा डबा. मग दर मंगळवारी. मी विचारलं, तर म्हणाल्या, "भूक लागते माणसाला. ठरावाचा काय संबंध?" मला तेव्हाही हे कळलं नव्हतं. आजही पूर्ण कळलंय असं नाही.

आमचा शेवटचा फेरफटका मे महिन्यातला. खाडीच्या वाटेवर ताईंना दम लागला. कुंपणाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे टेकायला काहीतरी हवं होतं गं."

"विरोध तुम्हीच केला होतात!"

"हो ना," म्हणून हसल्या. मीही हसले. त्यांचं मत बदललं होतं, की नुसते पाय दुखत होते?

पडदे धुतले त्या शनिवारी मीटिंगला ग्रॅहम आला. गावातलं कुणीही येऊ शकतं. उभा राहिला आणि म्हणाला, "सूलाच्या नावाचा बाक हवा." सगळ्यांचे चेहरे हसरे, डोळे ओले. हा प्रस्ताव येणार हे कळल्यावर निनादने वेलिंग्टनहून मला आधीच कळवलं होतं, "शी वुड हॅव लव्ह्ड इट, मावशी." ताईंची जागा रिकामी, उरलेल्या चौघांपैकी तीन हात वर गेले. माझा जाईना. ज्या बाईने आयुष्यभर नाही म्हटलं, तिच्याच नावाची पट्टी ठोकायची? आणि नाही म्हणावं, तर या माणसाला दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने घरी पाठवायचं?

"ग्रॅहम," मी म्हटलं, "ती असती तर नाही म्हणाली असती."

"अर्थात म्हणाली असती! म्हणून तर ती नसताना विचारतोय."

हॉलभर हशा पिकला. मीही हसले आणि हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "मग दोन बाक. आधी जोनचा."

हशा थांबला. ग्रॅहम पडदे काढलेल्या, उघड्या खिडकीकडे बघत राहिला. ठराव पास झाला.

घरी नवऱ्याने विचारलं, "म्हणजे तू ताईंच्या बाजूने मत दिलंस की विरुद्ध?"

"माहीत नाही," मी म्हटलं. एरवी मला सगळ्या गोष्टी माहीत असतात, त्यामुळे तो जरा चमकला. ताईंचा नियम मी मोडला. पण ज्याच्यासाठी मोडला, त्याला त्या स्वतः जेवू घालत होत्या... रात्रभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि दोन्ही बाजू मीच लढवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजायची टेप घेऊन मैदानावर गेले. ग्रॅहम आधीच येऊन थांबला होता, भर थंडीत पायात जँडल्स, आपल्याकडच्या स्लिपरसारख्या. बाक इथे असावा म्हणून मी खाडीकडे तोंड करून उभी राहिले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि मला झोपाळ्यांच्या बाजूला नेलं.

"इथे. जोनला पाण्याचा कंटाळा यायचा. तिला माणसं बघायला आवडायची."

"बरं."

"आणि सूलाचा कुठे?"

"अजून ठरत नाहीये," मी म्हटलं. "आधी हा मोजू." आणि टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.