वांग्यांच्या वाफ्यातला दगड

तात्या गुरुजी वांग्यांच्या वाफ्यात बसून अंघोळ करत. बाहत्तरच्या दुष्काळात जामखेडकडच्या त्या शाळेत आम्ही दोघेच मास्तर, राहायलाही शाळेतच. टँकरचं पाणी माणशी एक बादली. मी माझी मोरीत संपवून मोकळा होई. गुरुजी मात्र एक चपटा दगड रोज पुढच्या रोपाजवळ सरकवत, त्यावर बसत आणि अंगावर तांब्या घेत. रोपांना सोसत नाही म्हणून साबण बंद. त्यांच्या अंगाला खाज सुटली होती.

"गुरुजी, लाज सोडली का?" मी चिडवायचो.

"लाजंला पानी घालून काय उगवतंय, मास्तर?"

बाग तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मुलांना बरोबर घेऊन खणली होती. क्षेत्रफळ वाफ्याला दोरी लावून शिकवायचे, अपूर्णांक गवारीच्या शेंगा वाटून. "फळ्यावरचं वांगं शिजत न्हाई," हे त्यांचं पालुपद. आता विहीर आटली होती. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि मुलंही त्यांच्यामागे जाऊ लागली. उरली होती ती घरी न्यायला चार वांगी मिळतात म्हणून येत. वांगी गेली की शाळा गेली, हे गुरुजींना माझ्याआधी कळलं होतं.

सुरुवातीला त्यांनी मुलांना घरून तांब्याभर पाणी आणायला सांगून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी सोजरबाई दारात उभी. तिची दोन मुलं आमच्याकडे होती.

"लेकरांच्या तोंडचं पानी वांग्याला घालता व्हय? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!"

"चुकलं, बाई," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. दगड वाफ्यात आला तो त्यानंतर.

मे महिन्यात ताप आला आणि चार दिवसांत गुरुजी गेले. मी इतका थकलो होतो की मला रडूही आलं नाही. त्यांना अंघोळ घालायला लोकांनी शाळेच्या पायरीपुढे फळी मांडली, तशी सोजरबाई पुढे झाली.

"हितं न्हाई. वाफ्यात न्या. त्यांचं पानी कदी वाया गेलं न्हाई."

"मयताच्या पान्याची वांगी खानार कोन?" कुणीतरी म्हणालं.

"माझी लेकरं खातील."

माणसांनी फळी उचलली.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन मी सवयीने मोरीकडे निघालो. दारापर्यंत गेलोही. तिथे मला स्वतःचाच फार कंटाळा आला. परत फिरलो, दगड पुढच्या रोपाजवळ सरकवला आणि त्यावर बसलो.