रिकाम्या हातांची बैठक

माझं काम कुणाच्याही डोळ्यांत खुपणारंच होतं. गंगाखेडकडे ऊसतोडीला आलेल्या परजिल्ह्यातल्या बायकांसाठी आमची संस्था मनाच्या आरोग्याच्या बैठका घ्यायची. बैठक घेणारी ताई पुस्तिकेबरहुकूम चालते की नाही, हे कडेला बसून बघायचं आणि गुण द्यायचे. गुण कमी पडले की ताई बदलायची, असा नियम.

पुस्तिका म्हणायची, गोल बसावे, हातातले काम बाजूला ठेवावे, डोळे मिटावेत. पहिल्या बैठकीला ताईनं तसंच केलं. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, मधोमध बायका मुकाट बसल्या. तेवढ्यात पाण्याला गेलेली एक म्हातारी परतली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. घागर खाली ठेवली, शेजारी बसली, पदर तोंडाला लावला आणि गळा काढला. दिवसाढवळ्या बायका हात रिकामे ठेवून अशा गोल बसतात त्या मयताच्या घरीच.

"आमी काय कुनाला पोचवून आलोत का?" म्हणत एकजण उठली आणि बैठक मोडली. पुस्तिकेतलं सगळं पाळलं होतं, म्हणून गुण पैकीच्या पैकी पडले.

पुढची बैठक ताईनं वाढ्यांच्या ढिगापाशी घेतली. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. चाऱ्यासाठी बायका त्यांच्या पेंढ्या बांधतात. हात चालू झाले तशी तोंडं उघडली. गावी ठेवलेल्या लेकीची काळजी, न लागणारी झोप, सगळं निघालं. म्हातारी तर थांबेचना. मी मात्र खरं तेच लिहिलं, काम बाजूला ठेवलं नाही, डोळे मिटले नाहीत.

गुण बघून वरचे साहेब आले. ताईला काढू म्हणाले. त्या कागदावर माझी सही लागत होती. माझं डोकं फिरलं.

"करते सही," मी म्हटलं. "आधी तुम्ही पुस्तिकेप्रमाणं बसा. पेन खाली ठेवा, डोळे मिटा आणि तुमचं दुःख सांगा."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी पेन ठेवलं, घड्याळाचा पट्टा सारखा केला, पुन्हा पेन उचललं आणि टोपण काढत-घालत बसले. डोळे काही मिटेनात.

"तुम्हाला पेन लागतं, त्यांना पेंढी लागते," मी म्हटलं. "ताई राहील."

"आणि गुण?"

"कमीच राहू द्या. मी ते खोडणार नाही, आणि सहीही करणार नाही."