अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, बसली की देवीला गाऱ्हाणं घालायचं, हा आमच्या घराण्याचा मान. रत्नागिरीजवळच्या पावस गावापलीकडे आमचं गाव, तिथे तो काकांकडे होता. त्यांनी गावाच्या वतीने मागणं मांडायचं आणि प्रत्येक तुकड्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये थांबायचं नाही, कोणी मध्ये बोलायचं नाही. अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं गावावर उलटतं, असं मानतात.

दिवाळीच्या सुमारास काकांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय लवकर सावरले, शब्द मात्र अडू लागले. चहा हवा असला की ते कपाकडे बोट दाखवत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर शनिवारी मी त्यांना आणि काकूला रत्नागिरीतल्या एका वर्गाला नेऊ लागलो. झटक्यातून उठलेली माणसं आणि त्यांच्या घरचे तिथे एकत्र बसत. गोळ्या, जेवण, चिडचिड, कारण नसताना येणारं रडू, सगळ्याबद्दल बोलणं होई.

"बालवाडी," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. नेमका तोच शब्द न अडता आला म्हणून सगळे हसले.

एका शनिवारी शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पाठ असलेलं काहीतरी म्हणायला सांगितलं. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि एकदाही न अडखळता शेवटाला नेलं. खोलीत टाळ्या वाजल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

"हे जिभेवर बसलेलं आहे," त्या काकूला म्हणाल्या. "यावरून बरे झाले असं धरू नका. तोंड वाकडं झालं, हातातलं काही गळून पडलं, बोलणं घसरलं, तर थांबायचं नाही. काहीही चालू असो, गाडीत घालायचं."

गावात फक्त गाऱ्हाण्याची बातमी पोचली. यंदाही तुम्हीच, असं मानकरी घरी येऊन सांगून गेले.

गाऱ्हाण्याच्या दिवशी काकांचा कडक उपास होता.

"गोळी तेवढी घ्या," काकू सकाळी म्हणाली.

"पालखी बसू दे गो. तोंड उष्टं करून देवीपुढे उभा राहू?"

सहाणेभोवती उन्हात गाव जमला होता. गुरं, माणसं, आंबा, बोटीवर गेलेली पोरं, एकेक मागणं स्वच्छ येत होतं. मग एक तुकडा लांबला आणि त्यातले शब्द एकमेकांत मिसळले. 'व्हय म्हाराजा,' गाव म्हणाला. पुढच्या तुकड्यात शब्दच नव्हते, नुसता सूर होता. 'व्हय म्हाराजा.' काकांच्या उजव्या हातातला नारळ सुटला आणि गडगडत गेला. पुरुषांच्या रांगांतून कोणी हललं नाही.

काकू बायकांमधून उठली आणि सहाणेवर चढली. बाईने तिथे पाय ठेवायची रीत नाही.

"अहो, हसा बघू," ती काकांना म्हणाली. तोंडाची एकच बाजू हलली. ती माझ्याकडे वळली. "गाडी काढ."

"वहिनी, पुरा होऊ दे!" मागून कोणीतरी ओरडलं. "अर्धा नको ठेवू!"

"मग तू ये आणि कर पुरं."

कोणीही पुढे आलं नाही.

काका वाचले. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं मात्र गेलं, पाठ होतं तेही.

त्यानंतर गावात जे वाईट घडे त्याचा संबंध त्या दिवसाशी लावला जाऊ लागला. कैरी गळली. खाडीत एक होडी उलटली. एका घरातलं ठरलेलं लग्न मोडलं. असलं सगळं पूर्वीही घडत असे. काकू दुकानात शिरली की तिथलं बोलणं थांबू लागलं.

यंदा शिमग्याच्या तोंडावर एक मानकरी घरी आले. ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला, आंब्याच्या पेटीच्या भावाबद्दल बोलले, उन्हाला शिव्या घातल्या. आमच्याकडे पालखी प्रत्येक घरी जाते. ज्या दारात ती येत नाही, ते घर गावाने सोडलं असं समजायचं.

उठताना ते म्हणाले, "वहिनी, यंदा पालखी तुमच्याकडे यायची नाय. गावाने ठरवलान."

"बरं," काकू म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आत खाटेवर काका जागे होते. त्यांना ऐकलेलं सगळं समजतं.